शेपूट घातलेला शब्द

इंग्रजीतला 'काउअर्ड' हा शब्द आपल्याला शाळेतच भेटतो, आणि तोही विरुद्धार्थी शब्दांच्या तक्त्यात. डावीकडे 'ब्रेव्ह', उजवीकडे 'काउअर्ड', मध्ये फुली. तक्ता पाठ झाला, परीक्षेत अर्धा गुण पदरात पडला, की शब्दाचं काम संपलं. गेली तीस वर्षं मी इंग्रजी शिकवते आहे आणि या तक्त्याशी माझं जुनं भांडण आहे. कारण ही जोडी मुळात व्याकरणातच जुळत नाही. 'ब्रेव्ह' हे विशेषण, तर 'काउअर्ड' हे नाम. धाडसाचं एखादं काम केलं की माणसाला एक विशेषण मिळतं. आज अंगावर घालावं, उद्या खुंटीला टांगावं. पण एकदा पाऊल मागं पडलं की त्याला सबंध नामच मिळतं. मग तो कुणाचा बाप आहे, कुणाचा मुलगा आहे, काल त्यानं काय केलं होतं, हे सगळं त्या एका नामाखाली झाकलं जातं. 'काउअर्डली' असं विशेषण आहे, नाही असं नाही. पण तेही त्या नामाचंच लेकरू. शौर्याचं विशेषण आणि भित्रेपणाचं नाम! या एका फरकात मला त्या शब्दाचा सारा स्वभाव दिसतो, आणि म्हणून त्याच्या मागं लागावंसं वाटतं.

'सांगा बघू, हा शब्द आला कुठून?' असं वर्गात विचारलं की मागच्या बाकांवरून हमखास उत्तर येतं, 'मॅडम, काऊवरून! गाईसारखा गरीब, म्हणून काउअर्ड.' दरवर्षी विद्यार्थी बदलतात, उत्तर बदलत नाही. आणि त्यात त्यांचा दोष तरी काय? खुद्द इंग्रजांनाही ही व्युत्पत्ती पुष्कळदा सुचली आहे. गाई राखणारा तो 'काऊहर्ड', त्याचाच 'काउअर्ड' झाला असावा, असा त्यांचाही तर्क. आडनावापुरता तो खरा आहे. नाटककार नोएल काउअर्ड (१८९९–१९७३) यांच्यासारख्यांचं आडनाव त्या गुराख्यावरूनच आलेलं मानतात. म्हणजे गृहस्थांचं आडनाव 'गुराखी', आणि जगानं वाचलं 'भित्रा'! धाकात ठेवणे या अर्थाचं 'काऊ' असं एक क्रियापदही इंग्रजीत आहे. पण ते उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून आलेलं. एकूण काय, भित्रेपणाच्या 'काउअर्ड'चा गोठ्यातल्या गाईशी काहीही संबंध नाही.

खरी वाट फ्रान्समधून जाते. लॅटिनमध्ये शेपटीला 'काउडा' म्हणतात. जुन्या फ्रेंचमध्ये तिचं झालं 'को', आणि तिला एक प्रत्यय लागून तयार झाला 'कोआर्त'. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं, त्यांच्या मागोमाग फ्रेंच शब्दांची गाठोडी त्या बेटावर उतरली, आणि तेराव्या शतकात हा शब्द इंग्रजी लिखाणात दिसू लागला. तेव्हा काउअर्ड म्हणजे 'शेपटीवाला'! आता शेपटीच का? यावर विद्वानांची दोन मतं आहेत. एक म्हणतं, घाबरलेलं जनावर मागच्या पायांत शेपूट घालतं, किंवा पाठ फिरवून पळतं तेव्हा त्याची शेपटीच तेवढी दिसते, त्यावरून. दुसरं म्हणतं, सैन्याच्या शेपटीला, म्हणजे पिछाडीला रेंगाळणारा तो काउअर्ड. मला पहिलं मत अधिक पटतं, कारण त्याला जुन्या चित्रांचा आधार आहे. युरोपातल्या सरदार घराण्यांच्या ढालींवर सिंह काढायची रीत होती. उभा सिंह, झेपावणारा सिंह, बसलेला सिंह, अशा प्रत्येक ढंगाला वेगळं नाव असे. त्यातच एक सिंह असा, की ज्यानं शेपटी मागच्या पायांत घातली आहे. त्याला 'काउअर्ड सिंह' असंच म्हणतात. आणि बाराव्या शतकाच्या अखेरीला फ्रान्समध्ये रेनार नावाच्या लबाड कोल्ह्याच्या ज्या गोष्टी रचल्या गेल्या, त्यांतल्या सशाचं नाव आहे 'कोआर्त'. शेपटीवाला, आखूड शेपटीचा का होईना!

त्या प्रत्ययाची गंमत तर निराळीच. 'ड्रंकर्ड' म्हणजे दारुडा, 'स्लगर्ड' म्हणजे आळशी, 'लॅगर्ड' म्हणजे मागं रेंगाळणारा. हा '-आर्ड' ज्याला चिकटला तो वाया गेला असंच समजावं. पण हाच प्रत्यय मुळात जर्मन टोळ्यांच्या भाषेतला 'कणखर, धीट' अशा अर्थाचा शब्द होता. रिचर्ड, बर्नार्ड या नावांच्या शेवटी तो अजून ताठ मानेनं उभा आहे. बर्नार्ड म्हणजे 'अस्वलासारखा धीट'. म्हणजे अख्ख्या 'काउअर्ड' शब्दात भीतीचं नावसुद्धा नाही. आहे ती एक शेपटी आणि तिच्यामागं एक जुना धीटपणा, कुचेष्टेनं लावलेला.

हे सारं वाचत असताना मराठी माणसाच्या मनात एक घंटा वाजल्याशिवाय राहत नाही. कारण आपणही 'शेपूट घालणे' असंच म्हणतो. तावातावानं भांडायला गेला आणि ऐनवेळी शेपूट घातलं! रोमच्या शेपटीचा आणि आपल्या शेपटीचा भाषेच्या दृष्टीनं काही नातेसंबंध नाही. पण तिकडच्या वेशीवर कुत्री होती, आपल्याही वेशीवर कुत्री होती, आणि मोठं कुत्रं अंगावर आलं की लहान कुत्रं काय करतं हे दोन्हीकडच्या माणसांनी पाहिलं होतं. त्यांच्या '-आर्ड'सारखा आपल्याकडेही एक 'ट' आहे. भेदरट, नेभळट, शेळपट, खुळचट. हा 'ट' लागला की शब्दाचं तोंड वाकडं होतं. त्यांचा ससा भित्रा, तसा आपलाही. फळ पडल्याचा आवाज ऐकून 'आभाळ कोसळलं' म्हणत धावत सुटलेला ससा आपण जातककथेपासून सांभाळला आहे. मात्र आपल्या पंचतंत्रातला दुसरा एक ससा त्याच भीतीतून युक्ती काढतो आणि सिंहाला विहिरीत घालतो. भिणाऱ्याला अक्कल असू शकते, एवढी सवलत आपल्या गोष्टींनी सशाला दिली आहे.

भीतीचे इतर शब्द पाहावेत तर तेही असेच रूप पालटत आलेले. संस्कृतात 'भी' हा एकच धातू. त्यातून 'भीरु' निघाला, म्हणजे भिणारा. आणि त्यातूनच 'भीम' निघाला, म्हणजे ज्याला लोक भितात तो. 'भीष्म'ही त्याच घरचा. भिणारा आणि भिववणारा एकाच आईच्या पोटचे! इंग्रजीतलं 'फिअरफुल' आजही दोन्ही अर्थांनी चालतं. 'ईरी' हा शब्द तर पूर्वी भेदरलेल्या माणसासाठी होता. आता तो ओसाड वाड्यासाठी, अंधाऱ्या रस्त्यासाठी वापरतात. भीती माणसाच्या अंगातून उठून जागेत जाऊन बसली. आपल्या 'कातर'चं नशीब त्याहून चांगलं. संस्कृतात कातर म्हणजे भित्रा, भ्यालेला. मराठीत आवाज कातर होतो, आणि दिवस मावळताना उगीच हुरहुर लावणाऱ्या घटकेला आपण कातरवेळ म्हणतो. एका निंदेच्या शब्दाला इतकं हळवं म्हातारपण क्वचित लाभतं.

'काउअर्ड'ला ते लाभलं नाही, आणि त्याच्या भावकीलाही नाही. 'क्रेव्हन' हा असाच एक शब्द. मूळ अर्थ साधारण 'चिरडलेला, हरलेला'. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये काही खटल्यांचा निकाल दोन पक्षांच्या द्वंद्वयुद्धानं लागे. तिथं ज्याला लढवेना त्यानं 'क्रेव्हन' असा शब्द उच्चारायचा, की खटला संपला. पण तो शब्द तोंडून गेला की माणसाची पत गेली. पुढं त्याची साक्षसुद्धा कुणी धरत नसे. द्वंद्वाचा हा हक्क १८१७ साली एका खुनाच्या आरोपीनं न्यायालयात मागितला, तेव्हा कुठं इंग्रजांना आठवण झाली की हा कायदा अजून जिवंत आहे. १८१९ मध्ये तो रद्द झाला. दुसरा शब्द 'पोल्ट्रून'. हा इटालियन भाषेतून आलेला, मूळचा आळशी माणूस. पण जुन्या पंडितांनी त्याची एक वेगळीच व्युत्पत्ती लावली होती: 'पोलिके त्रुंकुस', म्हणजे अंगठा तोडलेला. युद्धावर जावं लागू नये म्हणून स्वतःचा अंगठा तोडून घेणारा तो पोल्ट्रून! व्युत्पत्ती चुकीची ठरली. पण ती ज्या संशयातून जन्मली तो संशय काही मेला नाही. तो पुढं आपल्याच माणसांच्या वाट्याला आला, ते ओघानं सांगेनच.

आधी एक घरचा विषय. संस्कृत काव्यात 'भीरु' हा शब्द शिवीसारखा येतो तसा लाडानंही येतो. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात लंकेहून परतताना पुष्पक विमानातून राम सीतेला खालची ठिकाणं दाखवतो आणि तिला 'भीरु' म्हणून हाक मारतो. पुरुषाला म्हटलं तर तलवार उपसावी असा शब्द, आणि बाईला म्हटलं तर तिनं लाजावं! लहानपणी आमच्या गावी उन्हाळ्यात मुलांना पोहायला शिकवत. पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकलून द्यायचं, हीच शिकवणी. माझा धाकटा भाऊ काठावर रडायला लागला की सगळी पोरं ओरडत, 'भागूबाई, भागूबाई!' मला कधीच कुणी भागूबाई म्हटलं नाही. कारण मला विहिरीवर जायचीच परवानगी नव्हती. मुलीनं भ्यायचंच असतं, त्यात नवल काय? मला भीती माफ होती, आणि त्याला ती मना होती. आज वाटतं, त्या एका शब्दानं आम्हां दोघांनाही सारखंच बांधून ठेवलं होतं. त्याला लाजेच्या दोरीनं, मला मायेच्या.

आपल्याकडे पुरुषाला हिणवायचं झालं की 'हातात बांगड्या भर' म्हणतात. इंग्रजांच्या बांगड्या म्हणजे पांढरं पीस. कोंबड्यांच्या झुंजी लावणाऱ्यांचा असा समज, की ज्या कोंबड्याच्या शेपटीत पांढरं पीस तो अस्सल जातीचा नव्हे, तो झुंजीत टिकणार नाही. पुन्हा शेपटीच! पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ऑगस्ट १९१४ मध्ये फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी चार्ल्स फिट्झजेराल्ड नावाच्या एका निवृत्त ॲडमिरलनं तीस बायका गोळा केल्या. काम एकच : रस्त्यात जो तरुण साध्या कपड्यांत दिसेल त्याच्या हातात, सर्वांच्या देखत, पांढरं पीस द्यायचं. ही लाट गावोगाव पसरली. रजेवर घरी आलेल्या, गणवेश न घातलेल्या सैनिकांनाही पिसं मिळाली. ज्या बायकांना स्वतः लढायला मनाई होती, मत द्यायला मनाई होती, त्यांच्या हाती एवढा एकच अधिकार आला, पुरुषाला काउअर्ड ठरवण्याचा. आणि तो त्यांनी वापरला. मला त्या तीस बायकांचा राग येतो, आणि दयाही येते.

पीस घेऊन निदान माणूस घरी तरी जात होता. आघाडीवर हाच शब्द कायद्याच्या कलमात लिहिलेला होता. शत्रूसमोर काउअर्डपणा दाखवणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होती. पहिल्या महायुद्धात आघाडी सोडून पळणं, काउअर्डपणा आणि तसल्याच लष्करी गुन्ह्यांसाठी ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना त्यांच्याच सैन्यानं गोळ्या घातल्या. त्यांत नेमक्या 'काउअर्डपणा' या आरोपाखाली मेलेले १८. त्यांतला एक हॅरी फार. १९१५ मध्ये तो शेलशॉकनं पाच महिने इस्पितळात होता. पुढच्या वर्षी सोमच्या लढाईत पुन्हा आघाडीवर जायची वेळ आली आणि त्यानं सांगितलं, मला हे आता सहन होत नाही. त्याचा खटला जेमतेम वीस मिनिटं चालला म्हणतात. त्याची बाजू मांडायला कुणी नव्हतं. ऑक्टोबर १९१६ मध्ये एका पहाटे त्याला गोळ्या घातल्या. बायकोची पेन्शन थांबली. घरात वर्षानुवर्षं त्याचं नाव निघालं नाही. काउअर्डपणासाठीची फाशी-गोळी १९३० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं रद्द केली. पण फारला माफी मिळाली ती २००६ मध्ये, उरलेल्या सर्वांबरोबर. त्याची मुलगी तोवर नव्वदी ओलांडून गेली होती. एक शब्द पुसायला नव्वद वर्षं लागली!

आणि तो अंगठ्याचा संशय? १९१४ च्या शरदात हिंदुस्थानी पलटणी फ्रान्सच्या चिखलात उतरल्या. त्यांच्या जखमींमध्ये हाताला गोळी लागलेले पुष्कळ निघाले. लगेच वरिष्ठांत कुजबुज सुरू झाली, की हे लोक लढाई चुकवण्यासाठी स्वतःच्याच हातावर गोळी झाडून घेतात. ब्रायटनच्या किचनर हिंदी इस्पितळाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी मग हजार जखमा एकेक करून तपासल्या आणि १९१५ मध्ये अहवाल लिहिला : या संशयाला पुरावा सापडत नाही. कुजबुजीला उत्तर द्यायला हजार माणसांच्या जखमा मोजाव्या लागल्या. तरी मला त्या कर्नलविषयी आदर वाटतो. शब्द उच्चारण्याआधी जखम पाहण्याची तसदी त्यानं घेतली.

जखम पाहणारे दुसरेही होते. चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं १९१५ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात 'शेलशॉक' हा शब्द छापला. तोफगोळ्यांच्या माऱ्यानंतर ज्यांची वाचा गेली, दृष्टी गेली, हात थरथरत राहिले अशांसाठी. पुढं दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीतल्या लष्करी इस्पितळांत अमेरिकन जनरल पॅटननं मनानं खचलेल्या दोन सैनिकांच्या काउअर्ड म्हणून थोबाडीत मारली. त्यांतल्या एकाला मलेरिया झालेला निघाला. पॅटनला माफी मागावी लागली. म्हणजे १९१६ ते १९४३ या काळात एवढं तरी झालं होतं, की मार खाणाऱ्याऐवजी मारणाऱ्याला खाली पाहावं लागलं. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांनी या अवस्थेला आघातानंतरचा मनोविकार म्हणून आपल्या अधिकृत यादीत जागा दिली. जी गोष्ट शेपटीपासून, म्हणजे शरीरापासून सुरू झाली होती, जिला सात शतकं माणसांनी चारित्र्याचा डाग म्हटलं, ती फिरून शरीराकडे आली.

आमच्या घरात मात्र ही बातमी कुणाला नव्हती. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. फौजेत कुणीच गेलं नाही असं घर आमच्याकडे शोधावं लागतं. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत गेले होते. त्याच मोहिमेत १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी, बरोबरचे सगळे पडल्यावर, एकट्यानं शत्रूचं मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथंच प्राण ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचा पुतळा उभा आहे. आबा त्याच इटलीतून १९४६ साली धडधाकट परत आले. हातपाय शाबूत. गावानं शौर्याच्या गोष्टी ऐकायला गर्दी केली, पण आबा काहीच सांगेनात. आणि दिवाळीच्या पहाटे पहिला फटाका वाजला, की आबा उठून गोठ्यात जात आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून उजाडेपर्यंत बसून राहत. मग पोरं मुद्दाम गोठ्याच्या भिंतीमागं फटाके लावत. 'काय आबा, जर्मन आला काय?' मोठी माणसंही हसत. फौजेत जाऊन आलेली भागूबाई, हे नाव गावानं त्यांना दिलं आणि ते त्यांच्या मरणापर्यंत, १९८४ पर्यंत, टिकलं.

आजी तेवढी त्यांना तिथं चहा नेऊन द्यायची. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. परत येताना ती म्हणाली, 'त्येंच्या कानातली लढाई अजून सरली न्हाई, पोरी.' आजीला सही करता येत नव्हती. मायर्स, लॅन्सेट वगैरे तिच्या गावीही नव्हतं. पण जे कळायला सेनापतींना दोन महायुद्धं लागली ते तिला गोठ्याच्या दारात उभं राहून कळलं होतं.

आबा गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली. तीन बिल्ले निघाले, आणि एक घडी पडलेला इंग्रजी कागद, पलटणीतून सुटी झाल्याचा. मी तेव्हा कॉलेजात होते, घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. त्यात वर्तणुकीचा एक रकाना होता आणि त्यापुढं शाईनं लिहिलं होतं, 'उत्तम'. ज्यांनी त्यांना तोफांखाली पाहिलं होतं त्यांनी 'उत्तम' लिहून दिलं. ज्यांनी आयुष्यात सुतळी बॉम्बपलीकडे काही ऐकलं नव्हतं त्यांनी 'भागूबाई' म्हटलं. हा कागद अडतीस वर्षं गावात पडून होता आणि तो कुणाला वाचता येत नव्हता.

तेव्हापासून हा शब्द कुठंही दिसला की मी आधी पाहते, बोलणारा कुठं उभा आहे. सरदारांच्या ढालीवरचा सिंह काढणारा चित्रकार, फोकस्टनच्या बंदरावरचा ॲडमिरल, इस्पितळात फेरी मारणारा जनरल, गोठ्यामागची पोरं. शब्द उच्चारणारा बहुधा त्या क्षणी धोक्याबाहेर असतो. भीती ज्याच्या अंगात आहे त्याला हा शब्द सुचत नाही. त्याला दुसरंच काहीतरी सोसायचं असतं.

अलीकडे तर या शब्दानं आणखी एक कूस बदलली आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे मनोरे विमानं आदळवून पाडले गेले आणि त्याच दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांनी हल्लेखोरांना काउअर्ड म्हटलं. लेखिका सुझान सोंटॅग यांनी 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की धैर्य हा गुण स्वतः चांगलाही नाही आणि वाईटही नाही. त्या माणसांना दुसरं काहीही म्हणा, पण काउअर्ड म्हणता येणार नाही. त्यांच्यावर चहूकडून टीकेची झोड उठली. पण त्यांनी शब्दाच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. आपल्याकडेही बॉम्बस्फोट झाला, गोळीबार झाला, की दुसऱ्या दिवशीच्या मराठी वर्तमानपत्रात 'भ्याड हल्ला' हे दोन शब्द हात धरून येतात. पूर्वी पळणारा भ्याड होता, आता चालून येणारा भ्याड झाला! यात निव्वळ चूक आहे असं मी म्हणणार नाही. निःशस्त्र माणसावर, पाठीमागून, न सांगता वार करणं याला आपली माणसं आधीही भ्याडपणाच म्हणत. पण क्रूरपणाला भ्याड म्हटलं की आपलं एक समाधान होतं : तो भ्याला, म्हणजे आपण भ्यालो नाही. दुःखानं आणि भयानं आपलेच हात थरथरत असतात तेव्हा हा शब्द आपण दुसऱ्याच्या अंगावर पांघरतो.

मग काय हा शब्द भाषेतून काढूनच टाकावा? विद्यार्थी मला हे विचारतात. मला तसं वाटत नाही. गांधीजींइतका हिंसेचा विरोधक दुसरा कोण? पण १९२० मध्ये 'यंग इंडिया'त त्यांनीच लिहिलं, की भ्याडपणा आणि हिंसा यांतून एकच निवडायचं असेल तर मी हिंसेचा सल्ला देईन. त्यांना हा शब्द लागत होता, कारण भ्याडपणा नावाची गोष्ट खरोखरच आहे. पण ती भीती नव्हे. भीती हे अंगाचं काम आहे. घाम, थरथर, सुकलेला घसा. हॅरी फारला भीती होती, आबांना भीती होती. भ्याडपणा त्यापुढं सुरू होतो, जिथं आपल्याला करता येण्याजोगं काहीतरी असतं, ते केलंच पाहिजे हे आपल्याला कळत असतं, आणि आपण मान वळवतो. बसस्टॉपवर एखाद्या मुलीला कुणी त्रास देत असतो आणि रांगेतली वीस माणसं एकदम घड्याळं पाहू लागतात. कचेरीत एका कारकुनावर खोटा आळ येतो आणि खरं माहीत असलेले चौघे त्याच दिवशी रजेवर जातात. यांतल्या कुणाचीही शेपूट दिसत नाही. कुणी त्यांना पीस देत नाही, भागूबाई म्हणत नाही. या शब्दाची खरी गरज जिथं आहे तिथं तो सहसा पोचतच नाही.

का पोचत नाही, याचं उत्तर मी व्याकरणातच शोधते, दुसरं काही मला येत नाही. हा शब्द आपण द्वितीय पुरुषी वापरतो, 'तू भ्याड आहेस'. त्याहून अधिक तृतीय पुरुषी, 'तो भ्याड होता'. आणि तृतीय पुरुषी असताना त्यानं काय काय केलं ते वर सांगितलंच. तो बऱ्यापैकी सुरक्षित असतो फक्त प्रथम पुरुषी. 'हे मी भ्याडपणानं करते आहे का?' एवढाच प्रश्न. तो विचारायला साक्षीदार लागत नाहीत, पिसं लागत नाहीत, आणि तो चुकला तर कुणाचा जीव जात नाही. आतल्या परिस्थितीची, आपल्याला काय सोसवलं आणि काय सोसवलं नाही याची, खरी माहिती त्या एकाच माणसाजवळ असते. दुसऱ्याविषयी तो शब्द तोंडावर आलाच, तर निदान त्या ब्रायटनच्या कर्नलसारखं आधी हजार जखमा मोजाव्यात. तेवढा वेळ नसेल, तर आजीनं केलं तसं चहा नेऊन द्यावा.